सव्वा इंचाची खाच

मशीनचं मग सांगते. आधी माझं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई मशीनला घाबरते म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडते. माझं माहेर सोनगीरचं. महामार्गावरून जाताना वर किल्ला दिसतो ना, त्याच्या खालच्या अंगाला आमची आळी, आणि आळीत दिवस उजाडला की तांब्या-पितळेच्या भांड्यांची ठोकाठोक सुरू. माझ्या वडलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना ठोकायला नव्हते, नाना पत्रा कापायचे, आणि पत्रा कापणाऱ्याने चूक केली की पुढे ठोकणाऱ्याला ती झाकता येत नाही. हंड्याचा तळ असो की डब्याचं झाकण, नाना आधी पट्टी लावायचे, सुईने रेघ मारायचे, मग कातर. इंचाचे आठ भाग केले की एकेका भागाला सूत म्हणतात, तर नाना सुताच्याही आतलं बघायचे. अंदाजे काप असं कुणी म्हटलं की म्हणायचे, अंदाज हा आळशी माणसाचा शब्द आहे. आणि काम करता करता माझ्याकडून सवायकी म्हणून घ्यायचे. एक सव्वा सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच. शाळेत तोवर असले पाढे कुणी विचारत नव्हतं, पण नानांचं म्हणणं, पोरीला पाव, निम्मा, पाऊण, सव्वा आलं की तिला जगात कुणी फसवत नाही. काय सांगू तुम्हाला, फसवायचं ते फसवतातच, फक्त किती फसवलं ते आपल्याला नीट कळतं.

लग्न होऊन जळगावला आले. आमचे हे एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. दोन मुली झाल्या आणि घरात बसून काय करायचं म्हणून मी कागद कापायला लागले. नानांची कातर पत्र्याची, ती कागदाला चालत नाही, पण हात तोच. रुखवतातली कागदी पैठणी, सप्तपदीची पावलं, तुळशीवृंदावन, गणपतीचं मखर, सगळं केलं. जामनेरच्या लग्नातलं रुखवत बघून दीपनगरच्या कॉलनीतल्या बाया विचारत विचारत घरी आल्या होत्या. टोकाची पाती, पोलादी पट्टी आणि खाली जुन्या चटईचा तुकडा, एवढीच माझी हत्यारं. माझ्या मखराला डिंक नसतो. एका तुकड्याला जिभली ठेवायची, दुसऱ्याला खाच पाडायची, जिभली खाचेत गेली की मखर उभं, आणि सण झाला की उकलून गादीखाली. डिंकाने काय, कुणीही चिकटवतं.

आता कानबाईचं सांगायला पाहिजे, कारण भांडण तिथलं आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळालाच नथ, टिकली, डोळे लावून बाई करायची, चौरंगावर मखरात बसवायची, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची, नारळ मात्र परत घरी आणायचा. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. आणि तिचे रोट असतात, गव्हाचे, त्याचं माप ठरलेलं: घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू. ज्याच्या त्याच्या घरून त्या मापाने दळून पीठ येतं, ते एकत्र करून रोट होतात आणि ते घरच्यांनीच खायचे. दर पुरुषामागे म्हटलं मी. माझ्या दोन मुली, त्यांचं माप नाही. माझंही नाही. आमच्या घरचे गहू ते काय, सव्वा मूठ, ह्यांच्या नावाचे. चक्कीवाला दरवर्षी हसायचा, काकू, एवढ्याने तर जात्याचे ओठ ओले नाही होत.

पण कानबाई माझ्याकडे बसायची. गावचं घर गेल्यावर सासूबाई माझ्याकडे आल्या, त्यांना आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळेच, अक्का म्हणतो, आणि अक्का जिथे तिथे कानबाई. माझ्या घरी पोरगा नाही, मोठी बैठक नाही, पण श्रावणातल्या त्या रविवारी सगळं भाऊबंद माझ्या उंबऱ्यात चपला काढायचं. तेवढं एक माझं होतं. ते लक्षात ठेवा.

आता शीतल. माझी धाकटी जाऊ, दीर प्रकाशची बायको, धुळ्याला देवपुरात राहते. इंग्रजी शाळेत शिकलेली, दोन मुलगे. प्रकाशभाऊंनी तिथे नवीन घर बांधलं, बैठक अशी की म्हैस फिरवावी, आणि वास्तुशांतीच्या पाठोपाठ हे कागद कापायचं मशीन आलं. दिवाळीला गाडीत घालून आमच्याकडे दाखवायला आणलं. पांढरं, ब्रेडच्या दोन लाद्यांएवढं, आणि वर कोपऱ्यात स्क्रीन, केवढी म्हणाल तर आगपेटी आडवी ठेवा. त्यात सगळं बोटाने दाबायचं आणि सगळं इंग्रजीत. एक चिकट मॅट असते, तिच्यावर कागद चिकटवायचा, मशीन ती मॅट तोंडात घेतं, मागून काढतं, पुन्हा आत घेतं, आणि तुम्ही नुसतं बघत बसायचं, गाय रवंथ करते तसं. हे म्हणाले, चटईच लागते तर आमच्या कारखान्यातून आणतो की. सगळे हसले, शीतल नाही हसली. म्हणाली, भाऊजी, ही मॅट वेगळी असते. मग मला म्हणाली, ताई, तुम्हाला जी जाळी कापायला दुपार जाते ती हे चहा होईपर्यंत कापतं. मी म्हटलं, मग चहा झाल्यावर दुपारभर तू काय करतेस?

तिच्या दारावर पाटी आहे, त्या मशीनने कापलेली. सुख-निवास म्हणायचंय तिला. त्यातला ख असा सुटा सुटा कापला गेलाय की येणारा-जाणारा वाचतो, सुरव-निवास. आमच्या धाकटीने विचारलंच, काकू, सुरव कोण? तेव्हापासून माझ्या मुली तिच्या तोंडावर लाडक्या आणि पाठीमागे आगाऊ.

कानबाई उठवून न्यायची गोष्ट प्रकाशभाऊंनी काढली ती पुढच्या श्रावणात, कानबाईच्या सोमवारी, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर. म्हणाले, वहिनींचं घर लहान पडतं, अर्धे लोक जिन्यात बसतात, मखरही दरवर्षी तेच तेच, आता कानबाई धुळ्याला येऊ द्या, पोरांचं घर आहे. पोरांचं घर. माझ्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. मी म्हटलं, भाऊजी, पोरं रोट खायला येतात, चौरंग पुसायला माझ्या पोरी असतात. हे मान खाली घालून जेवत राहिले. ह्यांचं तसंच आहे, भांडण आलं की ह्यांना भूक लागते. अक्कांनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, आते भांडू नका, पुढला साल दोन्ही जावा मियीसन मखर करा, मंग देखू.

हे जे मंग देखू होतं ना, त्यात सगळं आलं. मी समजून होते. मखर नीट उभं राहिलं तर बाई माझ्या घरात राहणार, नाही राहिलं तर धुळ्याला.

ठरलं असं की खांब शीतलने कापायचे, सोनेरी कार्डशीटचे, मशीनवर, आणि कमानी, कळस आणि मागची जाळी मी हाताने. खांबांना खाचा, माझ्या कमानींना जिभल्या. पुढल्या आषाढात तिचा फोन आला, ताई, तुमचा साचा पाठवा ना, मशीन स्कॅन करून घेतं. मी म्हटलं, साचा मी कुणाला देत नाही. आता लोक म्हणतात, दिला असता तर पुढचं झालं नसतं. का देऊ? माझ्या हाताचा साचा एकदा त्या मशीनच्या पोटात गेला की पुढच्या वर्षी मला फोन कोण करणार होतं? म्हटलं, मापं सांगते, लिहून घे. खांबाची उंची सांगितली, रुंदी सांगितली, दोन खाचांमधलं अंतर सांगितलं, आणि म्हटलं, खाच सव्वा इंच. ती म्हणाली, सव्वा ना? म्हटलं, सव्वा. कानबाईचं सगळं सव्वाच असतं. ती म्हणाली, ओके ताई. दोघींनी फोन ठेवला, दोघींनाही बरं वाटलं असणार.

कानबाईच्या रविवारी दुपारी शीतल आणि प्रकाशभाऊ आले ते गाडीच्या मागच्या सीटवर खांबांना बसवून, खांबांना सीटबेल्ट लावलेला. सोबत मशीनही आणलेलं, नातेवाइकांना दाखवायला. खांब सुंदर होते, खोटं कशाला बोलू. वेलबुट्टी अशी कापलेली की आतून दिवा ठेवला तर भिंतीवर नक्षी पडावी. भाऊबंदातल्या बाया खांबांना हात लावून बघत होत्या, माझ्या कमानीकडे एकीचं लक्ष नाही. म्हटलं, ठीक आहे, उभं राहिल्यावर बघाल. चौरंग मांडला, मी पहिली कमान घेतली, जिभली खाचेवर धरली. जाईना. जरा दाबली. वाकली. दुसरी बघितली, तीही नाही. मग पट्टी आणली. माझी जिभली सव्वा, सुताला सूत. तिची खाच सव्वाला कमी. किती कमी? सुताभराचाही फरक नाही, पण कार्डशीटला सुताच्या आतलंही कळतं, माणसांना नाही कळत ते सोडा.

मी म्हटलं, शीतल, तुला सव्वा सांगितलं होतं. ती म्हणाली, सव्वाच कापलंय. मी म्हटलं, ही खाच सव्वा आहे? तिने मशीन चालू केलं, त्या आगपेटीएवढ्या स्क्रीनवर बोट फिरवत फिरवत तिचं चित्र काढलं आणि मला दाखवलं, बघा, वन पॉइंट वन फाइव्ह. मी वाचलं. म्हटलं, हे सव्वा नाही. ती म्हणाली, म्हणजे? सव्वा म्हणजे पंधरा. मी म्हटलं, सव्वा म्हणजे पंधरा तुला कुणी सांगितलं? शंभराचा पाव पंचवीस. तर म्हणते, ताई, सव्वा वाजला म्हणजे एक वाजून पंधराच ना, घड्याळात काय पंचवीस बघता तुम्ही?

बायांना हसू फुटलं. काही तिला हसत होत्या, काही मला, आणि काहींना कशाला हसतोय तेच माहीत नव्हतं. माझ्या थोरलीने तोंडात ओढणी कोंबली. मी म्हटलं, घड्याळाला साठ घरं असतात, इंचाला साठ नसतात, कुठल्या शाळेत होतीस तू? ती म्हणाली, तुमचा साचा पाठवला असता तर शाळा काढायची वेळ आली नसती. प्रकाशभाऊ मध्ये पडले, वहिनी, एवढ्याशा फरकाला काय, तुमच्या जिभल्या जराशा कापा, कातर मारली की झालं. मी म्हटलं, माझ्या का? माझ्या बरोबर आहेत. चुकलं तिचं, तिने खाच वाढवावी.

आणि तिने वाढवली. मशीन ओट्यावर ठेवलं, कापलेला खांब पुन्हा मॅटवर चिकटवला, स्क्रीनवर पंचवीस टाकलं, दाबलं. आता तुम्हीच सांगा, कापलेल्या खाचेवर तंतोतंत दुसरी खाच त्या यंत्राला कशी सापडणार? त्याला डोळे आहेत का? जुन्या खाचेच्या शेजारी नवी खाच पडली, मधली पट्टी लोंबायला लागली, आणि श्रावणातल्या हवेने कार्डशीट आधीच ओलसर, मॅटवरून सोडवताना खांबाची वेलबुट्टी चर्रकन फाटली. शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं होतं की कशाचं ते मी नाही बघितलं. उरलेले तीन खांब होते, आणि सोनेरी कागद आता जळगावच्या बाजारात रविवारी कुठून मिळणार.

नारळ ताम्हनात होता. नथ घातलेली, डोळे लावलेले, बाई तयार, आणि बसायला जागा नाही. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. अक्का म्हणाल्या, सुमन, काप माय, जिभल्या काप. मी म्हटलं, अक्का, सव्वा आहेत त्या. कानबाईचं माप आहे. त्या म्हणाल्या, कागद शे तो, हाड नई. मी म्हटलं, तिने कापलं ते चूक आणि मी कापलेलं कमी करायचं, म्हणजे बरोबर कोण ठरलं? अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दळणात खडा लागल्यावर बघतात. मग म्हणाल्या, कातर दे माले.

कातर दिली मी. दिली, पण कापलं नाही. अक्का जमिनीवर बसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एकेक जिभली दोन्ही बाजूंनी कातरत गेल्या. पट्टी नाही, रेघ नाही, नुसता अंदाज. कुठे जास्त गेली, कुठे कमी. कातरलेली कातरण त्यांच्या लुगड्यावर पडत होती आणि मी उभी होते. तीन खांबांवर मखर चढलं, चौथ्याच्या जागी केळीचा खुंट बांधला. एका अंगाला झुकलेलंच होतं, जरा ढिलं होतं, पण उभं राहिलं, कानबाई बसली, गाणी झाली, फुगड्या झाल्या. आमच्याच घरात फुगडी आणि मी स्वयंपाकघरात.

सोमवारी नदीवरून आल्यावर रोट खाऊन झाले तेव्हा अक्का म्हणाल्या, पुढला सालपाईन कानबाई धुयाले. धुळ्याला, शीतलकडे. मी विचारलं, का अक्का? मखर तिचं चुकलं होतं. अक्का म्हणाल्या, मखर तिनं चुकनं, ते माले दिसस. पन जी बाईनी कानबाईकरता बोटभर कागद कापा नई, तिना घर कानबाई कशी ऱ्हाई? आणि नारळ पदरात घेऊन उठल्या. दुसऱ्या दिवशी त्या धुळ्याच्या गाडीत बसल्या. हे बॅग ठेवायला खाली गेले. मी वरूनच बघितलं.

तुम्ही म्हणाल, कापायच्या होत्या जिभल्या. सगळे म्हणतात. माझ्या मुलीसुद्धा म्हणतात. मी सांगते तुम्हाला, आजही नाही कापणार. एकदा बरोबर असलेलं कापून दिलं ना, की पुढे दरवेळी तुमच्याच अंगावर कातर येते.

मशीन इथेच राहिलं. त्या गडबडीत गाडीत बसलं नाही, मग प्रकाशभाऊंचा फोन आला, वहिनी, तुम्हीच ठेवा ते, शीतलला आता कानबाईचं बघायचं असतं, तिला कुठे वेळ. भीक घातल्यासारखं. मी ते जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकलं होतं. पण लग्नसराई आली, एका रुखवतात सगळी जाळीच हवी होती, आणि बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, दुपारनंतर पाती धरवत नाही. काढलं खाली. धाकटीने स्क्रीन शिकवली. आता मी वापरते, रोज वापरते, आणि एक दिवस असा जात नाही की त्याला शिवी दिली नाही. उन्हाळ्यात मॅटचा चिकटा पातळ होतो आणि कागदाला लागतो, थंडीत कागद धरत नाही. ब्लेड किती खोल जाणार ते चाकावर फिरवायचं, एक घर इकडेतिकडे झालं की मॅटच कापते. आणि चूक दाखवली की स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं, आमच्या ह्यांच्यासारखं. खरं ते सांगते, काम साफ करतं. कापतं तुम्ही सांगाल तेवढंच, वाद नाही घालत. पण त्याला सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्याला सव्वा यावं लागतं. स्क्रीनच्या खाली मी पट्टी चिकटवली आहे, मराठीत: सव्वा म्हणजे पंचवीस. धाकटीने त्याच्या खाली लिहिलंय, घड्याळ सोडून.

परवा शीतलचा फोन आला. वर्षभरात पहिला. बस स्टँडच्या गोंगाटातून बोलल्यासारखी बोलत होती, ताई, मखर बाहेरून करून घेतोय, तो माणूस विचारतोय खाच केवढी ठेवू, तुमच्या जुन्या कमानी अक्कांनी सोबत आणल्यात त्याच लावायच्या म्हणतात. म्हणजे अक्कांनी कातरलेल्या त्या, आता पंधराच्या खाचेत बसणाऱ्या. ती म्हणाली, सव्वाच ना? पंचवीसवालं सव्वा? मी म्हटलं, घड्याळात बघ. आणि ठेवला फोन.

येत्या रविवारी कानबाई बसेल, तिकडे, देवपुरात. आम्ही जाऊ, जावं लागतं. मी जिन्यात बसेन, त्यांच्या घराला जिनाही मोठा आहे. काल गहू काढले. अक्कांनी निरोप पाठवला होता, सुमनला सांगा, माप नेहमीचं. नेहमीचं म्हणजे ह्यांचं एकट्याचं. मूठ भरली, वर पाव मूठ टाकली. मग दोन्ही मुलींना हाक मारली, म्हटलं हात पुढे करा. थोरलीने भरली, धाकटीने भरली, पाव पाव मूठ वर. हे दारात उभे होते, काय चाललंय म्हणाले. मी म्हटलं, सवायकी म्हणतोय. चक्कीवाला औंदा हसला नाही, म्हणाला, काकू, जरा जास्त दिसतंय. म्हटलं, बरोबर आहे ते, मोजून आणलंय.

त्या पिठाचे रोट होतील, बठ्ठ्यांच्या पिठात आमचं पीठ मिसळेल, प्रकाशभाऊ खातील, त्यांची पोरं खातील, शीतल खाईल. कुणाला कळणार नाही. बाईला कळेल, तिला माप कळत असेल तर. तुम्हालाही तुमच्या मापाचं मिळो, दुसरं काय म्हणू. तीन सव्वा पावणेचार, बस.